नायकाला खाज सुटते तेव्हा

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका पैलवानाची खरूज तीन वेळा बरी केली. तीन वेळा! आणि याचा मला अभिमान वाटायचा. एकच आजार तीनदा बरा करावा लागतो म्हणजे तो आपल्याला कळलेलाच नाही, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात शिरायला भर जत्रेत कुस्ती व्हावी लागली. चीतपट पैलवान झाला, पण पाठ माझी लागली.

कागलजवळच्या एका गावात उपकेंद्राची नर्स म्हणून मी रुजू झाले होते. वय बावीस. पांढरीशुभ्र साडी, खांद्याला पिशवी, पायात टॉक टॉक वाजणाऱ्या सँडल आणि डोक्यात ट्रेनिंगमधलं ज्ञान, तेही कडक इस्त्रीचं. मला बघून रोगजंतू वेशीबाहेर पळत असणार अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आज ती पोरगी रस्त्यात भेटली तर मी तिला आधी पाणी पाजीन आणि मग तिच्या तोंडावर हसेन.

तर बाळू पैलवान. बोटांच्या बेचक्यात, काखेत, कमरेला पुरळ, आणि रात्रभर खाज. वाचकहो, खरूज म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. डोळ्याला न दिसणारा किडा कातडीत बीळ करून राहतो, आणि अंगाला अंग लागलं की शेजाऱ्याकडं बिऱ्हाड हलवतो. मेख अशी, की नव्या घरात तो आला तरी पुष्कळ दिवस खाज सुटतच नाही. म्हणून ज्याला खाज नाही त्यालाही औषध लावायचं, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, गळ्यापासून पायाच्या नखापर्यंत. कपडे-अंथरूण उकळत्या पाण्यात.

मी सगळं केलं. बाळू, त्याची आई, बाप, बायको, कुणाला सोडलं नाही. खरूज गेली. महिन्याभरात परत आली. मी बाळूवर डाफरले, "तुम्ही औषध नीट लावलं नाही!"

"बाई, भितीला चुना लावावा तसं लावलंय की! आता काय दोन हात रंगबी मारू व्हय?"

परत औषध, परत बरा, परत खाज. तिसऱ्यांदाही तेच. पुस्तकात लिहिलं होतं, 'कुटुंबातील सर्वांना उपचार द्यावेत.' पैलवानाचं कुटुंब म्हणजे तालीम, हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. पण मी तर इथलीच पोर! पैलवान झोपतो तालमीत, जेवतो तालमीत, आणि दिवसभर दुसऱ्याच्या अंगाला अंग घासणं हाच त्याचा धंदा. पण तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, म्हणून माझं डोकंसुद्धा त्या दारातनं कधी आत गेलं नाही. नजर खाली घालून पुढनं निघून जायचे. काय ती शालीनता! किडे आत बसून टाळ्या वाजवत असतील.

जत्रेच्या मैदानात बाळूनं पाहुण्या गावच्या पैलवानाला मागनं असा पकडला होता, की आता उचलून टाकणार. गाव उभं राहिलं. आणि ऐन वेळी बाळूचा उजवा हात स्वतःच्या कमरेकडं गेला. खाजवायला! तेवढंच पुरलं. दुसऱ्या क्षणी बाळू आभाळ बघत होता.

सकाळी तालमीचे वस्ताद उपकेंद्रात आले. पांढऱ्या मिशा, आवाज ढोलासारखा.

"नर्सबाई, पोरगं हरलं त्येचं कायबी न्हाय. कुस्तीत एक पडतोयच. पर खाजवताना पडलं, ह्ये मी मानसांस्नी कसं सांगू?"

बोलता बोलता ते कोपर खाजवत होते. मी मान डोलवत ऐकत होते आणि मनगट खाजवत होते. दोघांचं एकाच वेळी एकमेकांच्या हाताकडं लक्ष गेलं. पाठोपाठ दोघंही असे हसलो, की बाहेर बसलेली माणसं घाबरून उठली.

त्या रविवारी सगळी तालीम औषधानं पांढरी झाली. मी दाराबाहेर उभी राहून ओरडत होते, "बेंबी विसरू नका! नखाखाली लावा!" आणि आतनं वस्ताद तेच दुप्पट आवाजात परत ओरडत होते. लंगोट उकळायला भांडं पुरेना, तेव्हा गुऱ्हाळावरची एक टाकून दिलेली काहील आणली. खाली चिपाडं पेटवली, वर लंगोट रटरटायला लागले. पुढं कित्येक महिने गावात येणाऱ्या पावण्याला विचारत, "कसला गूळ घेनार पावणं, उसाचा का लंगोटाचा?"

पण खरूज गेली. चौथ्यांदा आणि कायमची.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझी दुसरी नोकरी. पगार शून्य, चहा मीच करायचा. हुद्दा मात्र भारी, राजवैद्य!

माझी नात सायली हिनं चांगली कंपनीतली नोकरी सोडली आणि संगणकावर खेळ बनवायला घेतला. भागीदार एकच, वीरेश, नेसरीकडचा. तो चित्रं काढणार, ती प्रोग्रॅम लिहिणार. कचेरी म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घराची बाहेरची खोली. वीरेश मला 'अज्जी' म्हणतो. त्यांच्या घरी कानडी-मराठी दोन्ही चालतं. वर्षभर तो आमच्याकडंच जेवत होता.

हा खेळ असा असतो, की आपण त्यातला एक माणूस व्हायचं. आपला एक योद्धा, त्याचे तीन-चार साथीदार, आणि एक कधीच नसलेलं राज्य, जिथं चेटूक, राक्षस, बोलणारी झाडं सगळं चालतं. आपण वाट निवडायची, माणसांशी बोलायचं, लढायचं. मला पहिल्यांदा खेळायला दिलं तेव्हा मी चुकीचं बटण दाबून चहावाल्यावर तलवार उपसली. तो बिचारा टोपली टाकून पळाला आणि त्या गावात मला कुणी चहा देईना.

एक दिवस बघते तर सायलीच्या योद्ध्याचा चेहरा हिरवा. "ह्याला काय झालं गं?"

"दलदलीतला ताप आलाय त्याला. ताकद दहानं कमी. आता ही बाटली पाजली की झालं."

बाटली पाजली. योद्धा टुणकन उभा.

"एका बाटलीत?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या काकू डोकावल्या. "अगं, ताप म्हणजे काय मोबाईलची बॅटरी हाय? घातली पिन, भरली? आणि हे बाकीचे तिघं त्याच दलदलीतनं आले ना? त्यांना नाही आला?"

"आज्जी, सगळ्याच खेळांत असं असतंय."

"मग कशाला घालता? नसलेला बरा! घालायचा तर असा घाला, की लोकांना कळेल आजार म्हणजे काय मजा असते!"

मजा हा शब्द मी वापरला, हो. छत्तीस वर्षं नोकरी केल्यावर सांगते, आजारात दुःख असतं, भीती असते, आणि सगळ्यात जास्त माणसं असतात. कोण जवळ येतं, कोण चुलीपासनं लांब बसवतं, कोण औषध लपवतं, कोण खोटं बोलतं. यापेक्षा मोठा खेळ कुठला? नुसता आकडा दहानं खाली येतो त्याला काय आजार म्हणायचं!

मग मी बाळूची गोष्ट सांगितली. सायली हसता हसता एकदम थांबली आणि खुर्चीवरच उभी राहिली. "आज्जी! योद्धा राक्षसाच्या मागं लपलाय. अजिबात हलायचं नाही. आणि त्याला खाज सुटते!"

"राजाच्या दरबारात सुटली तर?" मी.

"कुर्निसात करताना!"

"लग्नाच्या मांडवात!"

"आणि एकट्याला औषध लावून उपयोग नाही. सगळ्या साथीदारांना एकाच मुक्कामाला लावायचं, कपडे उकळायचे. त्यासाठी काहील शोधायची!" तिचे डोळे असे चमकत होते, की मला माझं पहिलं इंजेक्शन आठवलं. "मी करतो हे, आज्जी. मी आत्ताच बसतो." आमच्याकडं पोरीसुद्धा 'करतो' म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये.

आठवड्याभरात खरूज खेळात आली. पहिला रोगी माझा मुलगा, म्हणजे सायलीचे बाबा, बँकेतला हिशोबी माणूस. त्यानं औषध एकट्या योद्ध्याला लावलं. थोडं पुढं गेला, परत खाज. परत लावलं. परत खाज. शेवटी चिडून म्हणाला, "बिघडलाय तुमचा खेळ!"

मी स्वयंपाकघरातनं ओरडले, "खेळ न्हाय, तू बिघडलायस! बाकीच्यांना कोण लावनार, तुझा मॅनेजर?"

आता आम्हाला चेवच चढला. मी एकेक आजार आठवायचे, सायली उड्या मारायची. औषध घेऊन बरं वाटलं की लोक मधेच ते सोडतात आणि आजार दांडगा होऊन परत येतो, ते घालायचं ठरलं. राज्यात साथ आली की गाव वेशी बंद करतं, तेही. मग मीच अक्कल पाजळली, "आणि एक कायमचा आजारबी पायजे. जन्मभर पुरणारा. योद्ध्यालाच देऊ या. अशी शेवटच्या डोंगरावर एक वनस्पती, ती मिळाली की तो सुटला!"

वीरेश इतका वेळ चित्र काढत होता. त्यानं पेन खाली ठेवलं.

"नगं, अज्जी."

"का रे? भारी होईल की!"

"मला आठ वर्साचा असताना शुगर लागली. तवापास्नं रोज सुई. जेवायच्या आधी बघायचं, पळायच्या आधी बघायचं, झोपायच्या आधी बघायचं. लहानपणापास्नं ह्या खेळांत मी डोंगर चढतो, नदी पोहतो, खिशात बिस्कीटसुद्धा न्यावं लागत न्हाय. तेवढी एकच जागा हाय मला. तिथंबी तुम्ही दवाखाना काढनार?"

 तो उठला. "खेळात रोग घालायचेच असतील तर चित्रं दुसऱ्या कुणाकडनं काढून घ्या. मी न्हाय." पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या गाडीनं गावाला गेला.

आता माझी शोभा ऐका. जेवायच्या आधी हा पोरगा रोज पिशवी घेऊन मागच्या व्हरांड्यात जायचा. जन्मभर लोकांच्या पापण्या खाली ओढून रक्त कमी आहे का बघणारी मी! मला वाटलं, मैत्रिणीला फोन करतोय. मी त्याला वरनं चिडवायचे, "आमाला कधी दाखवनार?"

सायली रडली नाही, पण की-बोर्ड बाजूला सारून भिंतीकडं बघत बसली. पंधरवड्यानं पुण्यात, असे खेळ बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात, खेळाचा एक भाग दाखवायचा होता. तिथं एखाद्या कंपनीनं पैसा लावला तरच खेळ पुढं जाणार. आणि वीरेशशिवाय खेळ म्हणजे नुसते आकडे. त्याच्या हाताचं धुकं, त्याच्या हाताचे डोंगरकडे, त्याच्या हाताची माणसं. नोकरी सोडून वर्ष घातलेली पोरगी मला म्हणाली, "आज्जी, काढून टाकू सगळं? खरूज पण?"

मी म्हटलं, "काढ. मी जाऊन येते."

सकाळच्या एसटीत खिडकीला बसले आणि मला सुमन आठवली. सुमन म्हणजे माझ्या दुसऱ्या नेमणुकीच्या गावातली, नवीन लग्न झालेली, क्षयाची पेशंट. औषध नर्सच्या डोळ्यांसमोर गिळायचं असा आमचा नियम. मी ठरल्या दिवशी पिशवी घेऊन तिच्या दारात हजर. गल्ली बघायची. सासूनं ताट वेगळं केलं, मग तांब्या वेगळा केला. मी माझ्या कामात चोख, मला वाटायचं सगळं बरोबर चाललंय. एक दिवस ती हळूच म्हणाली, "बाई, तुमी येता ते बरं वाटतंय. पर तुमी गेल्यावर मी ह्या घरात सून ऱ्हात न्हाय, नुस्ती पेशंट ऱ्हाती."

उपाय तिनंच काढला. ती रोज सकाळी दूध घालायला डेअरीत यायची. रांगेत पन्नास बायका, किटल्यांचा खडखडाट, फॅटवरनं भांडणं. मीही किटली घेऊन उभी राहायला लागले. गर्दीत तिच्या हातात गोळी जायची, पदर तोंडाला लागायचा, गोळी पोटात. नियम पाळला गेला आणि गल्लीला पत्ता नाही. ती बरी झाली. पण आजार आपला असला तरी तो कुणाला दाखवायचा हेही आपलंच असतं, हे कळायला मला तिचं वेगळं ताट बघावं लागलं. आणि एवढं कळूनही म्हातारपणी मी एका पोराचा आजार योद्ध्याच्या गळ्यात बांधायला निघाले होते, वर त्याला वनस्पती देऊन!

नेसरीत वीरेशच्या आईनं भाकरी-आमटी वाढली. वीरेश पडवीत बसला होता, माझ्याकडं न बघता.

"वीरेशा, तू खेळतोस ते मला दाखव. समजवायला आले न्हाय मी."

त्यानं लॅपटॉप उघडला. त्याच्या खेळात एक पोरगा कडा चढत होता. वारा, पक्षी, खाली ढग. मग त्यानं कड्यावरनं उडी मारली आणि पोरगा तरंगत दरीपार गेला. वीरेशचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. छत्तीस वर्षांत मी रुग्णांना विश्रांती घ्या म्हणून हजारदा सांगितलं. विश्रांती कशी दिसते ते त्या दिवशी पाहिलं.

"सायलीला सांगितलंय मी, सगळे रोग काढ म्हणून," मी म्हटलं.

"खरूज पण?"

"खरूज पण."

त्यानं कान खाजवला. मग म्हणाला, "अज्जी, खरं सांगू? दरबारात खाजवायचं चित्र मी अर्धं काढलंय. राजा पण खाजवतोय."

"राजा पण?" मी टुणकन उठले, गुडघे विसरून! "आणि प्रधान?"

"प्रधानानं दोन्ही हात मागं बांधलेत. त्येला तर लई सुटलीया."

आमचं हसणं ऐकून त्याची आई लाटणं घेऊन बाहेर आली. पोरगं रागावून आलंय म्हणून ती कालपासनं काळजीत होती आणि इथं म्हातारी प्रधान होऊन खाजवून दाखवत होती.

मग तहाची बोलणी झाली. वीरेश म्हणाला, "जाणारं आजारपण चालंल मला. खरूज जाती, ताप जातोय, मानसं हसत्यात, एकमेकाला औषध लावत्यात. पर न जाणाऱ्याला राक्षस करू नका. मी रोज त्या वनस्पतीपायी शेवटच्या डोंगरावर जाऊन बसत न्हाय. आणि खेळ सुरू करताना एक बटण ठेवा. ज्याला नको त्यानं रोग बंद करायचे."

रोग बंद करायचं बटण! अहो, मी छत्तीस वर्षं हेच बटण शोधत पावसापाण्यातनं हिंडले, आणि या पोराला ते कोपऱ्यात, एका बोटावर हवं होतं! आधी माझ्यातली सरकारी नर्स खवळली. म्हटलं, सगळ्यांनीच बंद केलं तर शिकणार कोण? मग विचार केला, खेळायला आलेला माणूस माझा पेशंट नाही. त्यानं दार उघडलं तरच आत जायचं. मी म्हटलं, "ठेव बटण. पण खरूज इतकी रंगव, की बंद करायची कुणाला इच्छाच होऊ नये."

"ते माझ्याकडं लागलं!"

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघं कोल्हापुरात.

पुण्याच्या मेळाव्याला मीही गेले. आमच्या टेबलाभोवती ही गर्दी! दाढीवाली, टोपीवाली, कानात बाळ्या घातलेली पोरं वाकून वाकून बघत होती. राक्षस वळतोय, योद्धा दगडामागं, आणि हात हळूहळू कमरेकडं... "नको, नको, नको!" असं अख्खं टेबल ओरडायचं. एका मुलीनं बटण दाबून रोग बंद केले आणि शांतपणे डोंगर चढत राहिली. मी तिला काही बोलले नाही. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, घरच्यांना विचारा. दोन मोठ्या कंपन्यांच्या माणसांनी सायलीला परत बोलावलं. एकीकडनं होकार आला, काम सुरू आहे. खेळ पुरा व्हायला अजून बराच अवकाश आहे आणि राजवैद्याला अजूनही पगार नाही.

मागच्या आठवड्यात वीरेशनं मला हाक मारली. पडद्यावर एक नवी साथीदारीण होती. धनुष्य घेतलेली, उंच, दांडग्या खांद्याची. टोळीतली सगळ्यात नेमबाज. कमरेला छोटी चंची. कड्याच्या निम्म्यात ती एकाएकी दगडावर बसली, चंचीतनं काहीतरी काढून खाल्लं. पुढं गेलेला योद्धा मागं वळला, खाली आला, तिच्याशेजारी टेकला. बाकीचेही टेकले. वारा वाहत होता. थोड्या वेळानं ती उठली आणि सगळे निघाले.

माझ्यातली नर्स काही मरत नाही. मी लगेच चष्मा सावरून विचारलं, "हिला नक्की काय झालंय रे? आणि हिचं औषध कुठं ठेवलंयस?"

वीरेश म्हणाला, "हिला काय झालंय ते खेळात कुणीबी इचारनार न्हाय, अज्जी. ही बसली की बाकीच्यांनी बसायचं, आणि ही उठली की निघायचं."